सांभाळणाऱ्या बाईचा सिनेमा

मुदखेड तालुक्यातल्या एका गावात आम्ही महिन्यातून एकदा बैठक घेतो. ज्यांच्या घरात मानसिक आजाराचं माणूस आहे अशा कुटुंबांची ही बैठक. पत्रकावर ‘कुटुंबीयांची बैठक’ असं छापलेलं असतं, पण येतात त्या बायका. आई येते, बायको येते, बहीण येते, भावजय येते. एकदा एका मुलाचे वडील आले होते, तेही समाजमंदिराच्या ओट्यावरच बसले आणि चहा पिऊन गेले.

गेल्या वर्षी या बैठकीत ‘देवराई’ दाखवायचं मी ठरवलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 सालचा चित्रपट. स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याला आपल्या घरी आणून सांभाळणारी त्याची बहीण सीना. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ही भावंडं उभी केली आहेत. आम्हाला शिकवतात तशी मी तयारी केली होती. चित्रपटानंतर विचारायचे सात प्रश्न कागदावर लिहून नेले होते. लक्षणं कोणती दिसली, औषध मध्येच सोडलं तर काय होतं, घरच्यांनी काय करू नये, वगैरे.

चित्रपट संपला, दिवे लावले. माझा पहिला प्रश्न पुरता विचारून होण्याआधी मागून एक बाई म्हणाली, “ताई, ती सीना निजते कवा?”

ही बाई फुलांच्या मळ्यात मजुरी करते. मुदखेडची फुलशेती आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पण फुलं दिवस वर यायच्या आत तोडावी लागतात, हे फुलं विकत घेणाऱ्याच्या लक्षात नसतं. ती पहाटे चारला उठून तोडणीला जाते. आई गेल्यापासून तिचा भाऊ तिच्याकडे आहे. तो रात्र रात्र जागा असतो, म्हणून तीही जागी असते. तिनं चित्रपटात स्वतःची झोप शोधली.

मग बोलणं सुरू झालं ते थांबेना. “तिचा नवरा बरा म्हणून भाऊ घरात ऱ्हायला.” “बरा कसला, त्यालाही शेवटी जड झालंच की.” “हिला दोन दिस कुठं जायचं झालं तर भावाजवळ कोण बसावं, माय?” दीड तास या बायका सीनाबद्दल बोलल्या. शेषच्या आजाराबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं, तो त्या माझ्याहून जास्त ओळखत होत्या. माझा सात प्रश्नांचा कागद घडी घातलेलाच घरी आला.

तेव्हापासून एक गोष्ट मला खुपते आहे, ती या लेखात मांडायची आहे. सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांची आपण सगळ्यांनी मिळून एक यादी करून ठेवली आहे. ‘देवराई’ स्किझोफ्रेनियावरचा, ‘नितळ’ कोडावरचा, ‘अस्तु’ स्मृतिभ्रंशावरचा, ‘कासव’ नैराश्यावरचा, ‘जिंदगी जिंदाबाद’ एड्सवरचा. औषधाच्या दुकानात बाटल्या लावाव्यात तशी. एप्रिल 2021 मध्ये बाई गेल्या तेव्हा आलेले लेखही बरेचसे याच यादीतून पुढे सरकत होते, शेवटी ‘संवेदनशील दिग्दर्शिका’ म्हणत थांबत होते. आम्ही संस्थावाल्यांनी तर ही यादी जास्तच घट्ट केली. कुठल्या दिनाला कुठला चित्रपट लावायचा एवढंच आम्हाला कळतं. पण आजारी माणसाच्या शेजारी जी बसलेली आहे तिच्यावर या चित्रपटांत किती वेळ कॅमेरा असतो, हे आपण पाहिलं नाही. माझ्या मते ही सगळी कारकीर्दच सांभाळणाऱ्या बाईची आहे. आणि ती तशी झाली याचं कारण भावेबाई सिनेमात आल्या त्या वाटेत आहे.

ती वाट आमच्याच धंद्यातून जाते. 1943 साली पुण्यात जन्मलेल्या सुमित्राबाईंनी राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकल्यावर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून समाजकार्याचं शिक्षण घेतलं. पुढे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी विद्यार्थी शिकवले. ऐंशीच्या दशकात पुण्यात ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पात त्या संशोधन करत होत्या. गरीब, न शिकलेली बाई स्वतःकडे कशी पाहते, हा त्या संशोधनाचा विषय. आठ दलित स्त्रियांनी सांगितलेल्या आपापल्या आयुष्यांचं पुस्तक त्यातून तयार झालं आणि 1988 साली दिल्लीहून इंग्रजीत निघालं. भाषांतर गेल ऑम्व्हेट यांचं. पुस्तकाच्या नावातच विस्तवावरचा तवा आहे.

इथं बाईंना जो प्रश्न पडला तो आम्हा प्रत्येकीला पडायला हवा आणि सहसा पडत नाही. ज्यांनी आयुष्य उघडं करून सांगितलं त्यांना हे संशोधन वाचता येणार नव्हतं. त्यांचं बोलणं कागदावर गेलं की ते त्यांच्या हातातून गेलं. आमच्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे 1993 साली, फॉर्म घेऊन आलेल्या माणसांबद्दल वयस्क बायका अजून बोलतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून नेली, पुढं काय झालं ते सांगायला मात्र कुणी फिरकलं नाही, असं म्हणतात. मी स्वतः एम.एस.डब्ल्यू.च्या प्रबंधासाठी मुलाखती घेतल्या होत्या. तो बांधलेला प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात आहे. ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यापैकी एकीच्याही घरी मी तो घेऊन गेले नाही. नेऊन काय वाचून दाखवणार होते? तक्ता क्रमांक चार?

भावेबाईंनी काढलेला मार्ग म्हणजे चित्रपट. सिनेमाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. 1985 साली ‘बाई’ हा लघुपट त्यांनी केला. झोपडपट्टीतल्या एका कष्टकरी बाईची ही गोष्ट. तिला कुटुंबकल्याण या विभागातला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्काराचा हा विभागही बघा! नवऱ्याच्या दारूला आणि जाचाला तोंड देऊन एक बाई उभी राहते, तर सरकारदरबारी त्याचं नाव कुटुंबकल्याण. पुढं 1987 साली दुष्काळी गावातल्या बायकांवरचा ‘पाणी’ आला. 1992 साली ‘चाकोरी’ आला. त्यात नवऱ्यानं टाकलेली एक मुलगी सायकल शिकते. परित्यक्तांच्या परिषदा आणि मोर्चांचे ते दिवस होते. मोर्चाच्या मागण्यांत सायकल नव्हती. पण ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते तिथं सायकल म्हणजे काय, ते बाईंना ठाऊक होतं.

जगात दुसरीकडेही याच सुमाराला याच वाटेनं एक बाई सिनेमात आली, तिची आठवण इथं सांगण्यासारखी आहे. मेक्सिकोची मारिया नोवारो. तीही मुळात समाजशास्त्राची. तिथल्या विद्यापीठात शिकली, स्त्रियांच्या एका चित्रपट-गटात काम करू लागली आणि मग दिग्दर्शक झाली. 1989 च्या ‘लोला’त तिनं 1985 च्या भूकंपानं खिळखिळ्या झालेल्या मेक्सिको शहरात एकटीनं मुलगी वाढवणारी तरुण आई दाखवली. ही आई दमते, चुकते, मुलीला सोडूनही जाते. 1991 च्या ‘दान्झोन’मध्ये टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करणारी एक बाई हरवलेल्या नाचाच्या जोडीदाराला शोधायला दूरच्या बंदराच्या गावी जाते. हा चित्रपट कान महोत्सवापर्यंत गेला. नोवारोला पुढं 2018 साली आपल्या देशाच्या राष्ट्रीय चित्रपट संस्थेची प्रमुख नेमण्यात आलं. आपल्याकडे सुमित्राबाईंना प्रत्येक नव्या चित्रपटासाठी पैसे गोळा करत फिरावं लागलं. डॉक्टर, संस्था, न्यास, ओळखीची माणसं, जिथून मिळतील तिथून. आजारांची यादी तयार होण्याचं एक कारण हेही असणार. पैसे देणारा विषय घेऊन येतो. विषय घेतला आणि त्यात आपलं माणूस बसवलं, ही त्यांची युक्ती म्हणा, हट्ट म्हणा.

‘दोघी’ (1995) हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. तेव्हापासून बहुतेक चित्रपटांच्या दिग्दर्शनाला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर अशी दोन नावं दिसतात. सुकथनकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. पटकथा-संवाद बहुतेक बाईंचे, गाणी सुकथनकरांची. ‘दोघी’ची गोष्ट आपल्यातल्या अनेकींना माहीत असेल. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच नवरदेवाला अपघातात मरण येतं. मुलगी पांढऱ्या पायाची ठरते. बाप अंथरूण धरतो, घर बुडतं. मामा गौरीला मुंबईला नेतो. ती तिथं काय करते ते आईला ठाऊक असतं. गौरीच्या पैशावर घर तगतं. मग धाकट्या कृष्णाच्या लग्नाला गौरी घरी येते, तेव्हा तीच आई तिला दूर ठेवते. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी आणि आईच्या कामात उत्तरा बावकर.

हा चित्रपट मी दोन वर्षांपूर्वी किशोरवयीन मुलींच्या शिबिरात दाखवला. मुलींबरोबर त्यांच्या आयाही आल्या होत्या. मला वाटलं होतं, मुली मामाला शिव्या घालतील, आया गौरीसाठी रडतील. तसं झालंही. पण मग आयांमधली एक म्हणाली, “त्या मायला कामून बोलायलाव सगळे? घरात नवरा पडलेला, दुसरी पोर उजवायची. तिनं काय करावं ते सांगा, मग बोला.” एकदम शांतता झाली. ही आई दोषी आहे हे माझं मत मी बदललेलं नाही. लेकीचा पैसा चालतो आणि लेक चालत नाही, हे माफ कसं करायचं? पण ते मत मी ज्या सहजपणानं शिबिरात मांडायला निघाले होते तो सहजपणा त्या दिवशी गेला. चित्रपटानंही आईला सैतान केलेलं नाही. घर चालवण्याचं ओझं तिच्यावर कुणी टाकलं ते दाखवत राहतो आणि तरीही तिला सोडत नाही. भारत सरकारनं त्याला ‘अन्य सामाजिक प्रश्नांवरील’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार दिला. अन्य!

आता आक्षेपाकडे येते. तो मी आमच्या चळवळीतल्या ज्येष्ठ मैत्रिणींकडून अनेकदा ऐकला आहे. भावेबाई वस्तीतून निघाल्या आणि वाड्यात जाऊन बसल्या, असा तो आक्षेप. ‘बाई’तली झोपडपट्टी, ‘पाणी’तलं गाव, आणि पुढं काय? पुण्याची सुशिक्षित कुटुंबं, निवृत्त प्राध्यापक, कोकणातली घरं. आठ दलित स्त्रियांचं बोलणं ऐकून सुरुवात केलेल्या बाईंच्या पुढच्या चित्रपटांत ती बाई मध्यभागी किती वेळा आली? आक्षेप खरा आहे. ‘वास्तुपुरुष’ (2002) मला फार आवडतो, त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण त्यातली पापाची जाणीव ही जमीनदार घराची आहे. आई मुलाला डॉक्टर करून गोरगरिबांच्या सेवेला लावते, घराण्याचं पाप फिटावं म्हणून. ज्यांच्यावर ते पाप झालं त्यांच्या बाजूनं ही गोष्ट कशी दिसली असती, हे मला मुदखेडमध्ये बसून विचारावंसं वाटतं.

पण आक्षेप इथं थांबवला तर ‘अस्तु’चं काय करायचं ते कळत नाही. हा 2013 सालचा चित्रपट. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित, मोहन आगाशे यांनी ते काम केलं आहे. त्यांची आठवण पुसत चाललीय. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून जरा खरेदीला जाते, तेवढ्यात ते रस्त्यानं चाललेल्या हत्तीच्या मागं निघून जातात. दिवसभर शोधाशोध. इकडे हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला आपल्या पालावर ठेवून घेते. खाऊ घालते, स्वच्छ करते, लेकरासारखं जवळ घेते. शास्त्र तिला ठाऊक नाही, भाषाही वेगळी. अमृता सुभाष यांना या कामासाठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा आणि सुमित्राबाईंना संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘अस्तु’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चन्नम्मावर भाळले. दुसऱ्यांदा पाहताना मला राग आला. गरीब बाईच्या मायेला कधी तळ नसतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? पंडिताच्या घरची माणसं थकतात, त्यांच्यात भांडणं होतात, त्यांना अपराधी वाटतं. आणि पालावरची बाई मात्र हसत हसत सगळं करते! आमच्या बैठकीला येणाऱ्या बायकाही गरीब आहेत आणि त्या थकतात, चिडतात, कधी कधी हातही उगारतात. तसं त्यांनी मला रडत सांगितलं आहे. तेव्हा चन्नम्मा मला आजही पूर्ण पटत नाही.

तिसऱ्यांदा पाहिला तो इराकडे बघत, तेव्हा दुसरंच दिसलं. चन्नम्मा एक दिवस सांभाळते. इरा कित्येक महिने सांभाळते आहे. एक दिवसाची माया आणि रोजचं सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रपट त्या समोरासमोर ठेवतो. चन्नम्मासमोर हा माणूस आज जसा आहे तसाच आहे. तो पूर्वी कोण होता याचं ओझं तिच्यावर नाही. इराला मात्र हरवत चाललेल्या बापाची रोज नव्यानं ओळख करून घ्यावी लागते. आईबापाला संस्थेत ठेवावं का, हा विचार तिच्या मनात येतो आणि त्या विचाराची तिला लाज वाटते. ही लाज मला रोज भेटते. “मॅडम, याला कुठं ठेवता येईल का हो?” असं विचारणारी बाई आधी इकडेतिकडे बघते, कुणी ऐकत नाही ना म्हणून. आणि ती कायमचं ठेवायचं म्हणत नसते. लेकीच्या बाळंतपणापुरतं, हंगामापुरतं, आपल्या ऑपरेशनपुरतं म्हणत असते.

‘कासव’ इथून आणखी पुढं जातो. 2016 च्या चित्रपटांमध्ये त्याला देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. जगण्याचा कंटाळा आलेला एक तरुण आणि त्याला काही न विचारता घरात आसरा देणारी जानकी. जानकी स्वतः त्या अंधारातून जाऊन आलेली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कासवीण अंडी घालते, वाळूत पुरते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लं बाहेर आली की त्यांची ती चालू लागतात. आपल्याकडे सांभाळणं म्हणजे धरून ठेवणं असं बायकांच्या अंगात भिनवलेलं आहे, आणि ‘कासव’मधली बाई सांभाळते ती न धरता. जानकीकडे पैसा आहे, मोकळं घर आहे, मदतीला माणूस आहे, हे मी विसरत नाही. ते सगळं असेल तर किती बरं सांभाळता येतं, एवढं तरी त्यातून दिसतं. ‘वेलकम होम’बद्दल (2019) स्वतंत्र लिहावं लागेल. नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन माहेरी आलेल्या शिकल्यासवरल्या बाईचा तो चित्रपट. आमच्या समुपदेशन केंद्रात पहिल्याच भेटीत विचारला जाणारा प्रश्न, “मग तुझं घर कोणतं?”, तो अख्खा चित्रपट विचारतो.

आणि शेवटचा ‘दिठी’. दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवरचा. बाई गेल्यावर महिन्याभरानं, मे 2021 मध्ये, तो लोकांसमोर आला. घरोघरी कोरोनाची माणसं सांभाळण्याचे ते दिवस. रामजी लोहार, तीस वर्षं वारी केलेला वारकरी. किशोर कदम यांनी केलेलं काम. त्याचा तरणा मुलगा पाण्यात बुडून गेला. सून तुळसा बाळंत झाली, मुलगी झाली. विठ्ठलावर चिडलेला रामजी सुनेचं आणि नातीचं तोंड बघायला तयार नाही. तो राग बायकांवर निघतो, कारण विठ्ठल हाताशी नसतो आणि सून असते. मग एका पावसाच्या रात्री शेजारची गाय अडते आणि तिला सोडवायला रामजीला बोलावणं येतं, त्याच्या हाताला त्यातलं कळतं म्हणून.

ती गाय विण्याची लांबलचक रात्र मी श्वास रोखून पाहिली. छत्तीस वर्षं भावेबाईंनी सांभाळणाऱ्या बायका दाखवल्या. कमावून घर जगवणारी गौरी, भावासाठी संसार पणाला लावणारी सीना, बापामागं धावणारी इरा. आणि शेवटच्या चित्रपटात त्यांनी सुईणीचं काम एका दाढीवाल्या, रडक्या, हट्टी पुरुषाच्या हातात दिलं. त्याचे हात रक्तानं आणि चिकानं भरतात. तेव्हा कुठं त्याला घरातली बाळंतीण आठवते. चित्रपटावर लिहिताना बहुतेकांनी त्यातल्या अध्यात्माबद्दल लिहिलं. ते असेल. मला त्यात हात दिसले.

हे चित्रपट थिएटरात पाहिल्याचं सांगणारं माणूस मला मुदखेडात अजून भेटलेलं नाही. भावे-सुकथनकरांनी पन्नासाहून अधिक लघुपट केले, ते संस्थांच्या बैठकांतून गावोगाव गेले. पण मोठे चित्रपट महोत्सवांना गेले, पुण्या-मुंबईला गेले आणि आमच्यापर्यंत आले ते पुष्कळ वर्षांनी, फोनवर. ज्या बायकांपर्यंत पुस्तक पोचत नाही म्हणून बाईंनी कॅमेरा घेतला, त्यांच्यापर्यंत कॅमेऱ्याचंही काम नीट पोचलं नाही. याचा दोष मी त्यांना देत नाही. तो आपला आहे, ज्यांच्याकडे गावात जायचं कारण आणि भाडं दोन्ही असतं त्यांचा. माझ्याकडे पैसे देणाऱ्या एका संस्थेचा निरोप आला होता की दोन तासांचा चित्रपट कशाला, दहा मिनिटांची संदेश देणारी चित्रफीत लावा आणि उपस्थितीच्या सह्या घ्या. त्या दहा मिनिटांत सीना निजते कधी हा प्रश्न कुणाला सुचला असता?

त्या प्रश्नानं आमच्या बैठकीचं कामकाज बदललं. आधी आम्ही औषधं, दाखले, दवाखान्याच्या तारखा एवढंच बोलायचो. आता बायकांनी आपसात जोड्या लावल्या आहेत. एकीला गावाला जायचं असेल तर दुसरी तिच्या घरी जाऊन बसते. सगळ्यांना जमत नाही. जातीचा प्रश्न पहिल्याच महिन्यात आडवा आला. अमक्या आळीतली बाई आमच्या चुलीपाशी कशी, म्हणून एका घरातून निरोप आला, आणि ती जोडी मोडली. पण दोन जोड्या टिकल्या आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा रुग्णांसाठी निवाऱ्याच्या सोयी, अर्धवाट घरं शासनानं करायची आहेत. आमच्या बायकांनी त्यासाठी अर्ज लिहिला. त्यात ‘काळजीवाहक’ हा सरकारी शब्द मी घातला होता. तो त्यांनी खोडायला लावला आणि ‘सांभाळणारी’ असं लिहिलं. मी म्हटलं, पुरुषही असू शकतो, ‘सांभाळणारे’ लिहू. फुलं तोडणारी बाई म्हणाली, “आधी एक दाखवा, मग लिहा.”

पुढच्या बैठकीला ‘दिठी’ दाखवणार आहोत. या वेळी पत्रकावर ‘घरातल्या पुरुषांनी यावे’ असं वेगळं, ठळक छापून घेतलं आहे. वेळ रात्री आठची ठेवली आहे, म्हणजे कामाची सबब नको. किती पुरुष येतील यावर बायकांनी आपसात पैज लावली आहे. सगळ्यात मोठा आकडा चार आहे.